पुन्हा कर

दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून माणसानं किती मोठ्यानं बोलावं, याला काही मर्यादा असते. मालकीणबाईंच्या थोरल्याला ती कधीच कळली नव्हती. जन्मला तेव्हा असा रडला होता की शेजारच्या खोलीतली बाई विचारत आली, जुळं झालं का म्हणून. आता कानाजवळचे केस पिकले तरी घसा तोच. मोबाईल कानाला लावून तो खिडकीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत येरझाऱ्या घालत होता, चपला फरफटत, आणि ज्याचा फोन येईल त्याला तीच ती गोष्ट सांगत होता. तीच तरी कशी म्हणायची? दर फोनगणिक गोष्ट सुधारत चालली होती. पहिल्यांदा तो म्हणाला होता, "अरे, कुणाला कळलंच नाही, सगळे हसत होते." पुढच्या फोनला हसणं गळालं. त्याच्या पुढच्याला "जरा शंका आली तसं तिला गाडीत घातलं" असं झालं. आणि आता पिंपाशी उभा राहून, प्लॅस्टिकचा पेला हातात धरून, तो मेहुण्याला सांगत होता, "छे छे, क्षणाचा उशीर नाही केला. तिनंच सांगितलं नाही ना वेळेवर! तुला माहितीय तिचं. सारखी नाटकं. लांडगा आला रे आला, दुसरं काय!" मालकीणबाई बाकावर ताठ बसून ऐकत होत्या. उभा जन्म गाद्यांच्या धंद्यात गेला होता त्यांचा. मूठभर कापूस पिंजला की खोलीभर होतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं, आणि खोलीभर कापूस दाबून दाबून खोळीत कसा बसवायचा हेही. एवढी मोठी सकाळ यानं दाबून दाबून खिशात बसवली होती, आणि वरून टाका घालायला निघाला होता.

आत, काचेच्या दाराआड, त्याची लेक तोंडात नळी घेऊन पडली होती. साप चावला होता तिला. मण्यार. हे डॉक्टरणीनं सांगितलं, ती नुकती शाळेतून सुटून आल्यासारखी दिसणारी, केसाला रबर लावलेली पोरगी. आल्या आल्या तिनं नातीची पापणी अंगठ्यानं वर केली, सोडली, ती ओल्या पडद्यासारखी खाली आली, आणि तिनं एवढंच विचारलं, "रात्री कुठं झोपली होती? जमिनीवर?" जमिनीवरच. वर उकडतं म्हणून खाली दुकानामागच्या कापसाच्या खोलीत, अर्धवट भरलेल्या गादीवर. मण्यार दुखत नाही म्हणे. मुंगी चावल्यासारखं होतं, झोपलेलं पोर कूससुद्धा बदलत नाही. सकाळी पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. "पापण्या कधीपासून खाली आल्या?" डॉक्टरणीनं विचारलं. "आत्ता, निघायच्या जरा आधी," थोरला म्हणाला. "सकाळच्या चहापासून," मालकीणबाई म्हणाल्या. डॉक्टरणीनं दोघांकडे एकदा बघितलं आणि सिस्टरला म्हणाली, "आजी म्हणतात ते धरा." त्यावर थोरल्यानं आईकडे असं बघितलं, जसं काही साप त्यांनीच आणून सोडला होता.

आणि मग तो त्यांच्याजवळ येऊन बसला होता. घसा खाली आणून बोलायची त्याला सवय नाही, त्यामुळं ते बोलणं कुजबुजण्यापेक्षा फुसकारण्यासारखं झालं. "आई, तिची आई दुपारपर्यंत पोचतेय. तू काही बोलू नकोस. मी सांगतो नीट."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे नीट. तुला घर मोडायचंय का माझं?"

मालकीणबाईंचं न बोलणं म्हणजे होकार असं त्यानं परस्पर धरलं, आणि लागला फोनला. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकीचं धरलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनीच या पोरांना घासाघासानं भरवलं होतं. घरातलं उष्टं रस्त्यावर पडता कामा नये. नवऱ्यानं दारू प्यायली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, पित्त झालंय. धाकटा नापास झाला तेव्हा म्हणाल्या, त्याला शिकायचंच नव्हतं, त्याच्या हातात कला आहे. हातात कसली कला, हातात पत्ते होते. पण घराची अब्रू म्हणजे गादीची खोळ. आत कापूस असो की चिंध्या, वरून टाका सरळ दिसला पाहिजे. सून बारा घरच्या चौकशा करणारी, त्यात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी गेलेली. पोरीला आठवडाभर सांभाळा एवढंच सांगून गेली होती. ती आल्यावर काय होईल हे मालकीणबाईंना दिसत होतं. आणि ते टाळायला एक न बोलणंच तर पुरत होतं. बोलायचं नाही. बस्स. मग एवढा राग कशाचा येत होता?

राग बाकाचा येत होता. बाकावर जी गादी म्हणून घातली होती ती गादीच्या नावाला काळिमा होती. रेक्झिन फाटून आतला पिवळा स्पंज बाहेर आला होता आणि लोकांनी बसल्या बसल्या तो कुरतडून त्यात खड्डा केला होता. राग भिंतीचा येत होता, जी कोपरापर्यंत हिरवी आणि वर पांढरी होती, जसं काही माणसं कोपरापर्यंतच घाण असतात. राग समोरच्या माणसाचा येत होता, ज्याच्या अंगठ्याला पांढरंशुभ्र बँडेज होतं आणि जो ते दर थोड्या वेळानं कौतुकानं वर करून बघत होता. आणि सगळ्यात जास्त राग येत होता त्या नकलेचा. त्या नकलेनंच घात केला. पोरगी साधी असती, मुकी, मख्ख, शेजारणीच्या ढोल्या पोरीसारखी, तर सकाळी तिची पापणी खाली आल्या आल्या घर उठलं असतं. पण तिचं नाव रेडिओ होतं.

ते नाव आजोबांनी ठेवलेलं. बोलायला लागली तेव्हापासून पोरगी ऐकेल ते वाजवायची. कापूस पिंजायच्या यंत्राचा खरखराट, पोस्टमनची शीळ, सुनेचं "अहो ऐकलं का", आणि मालकीणबाईंचं गिऱ्हाइकाला वाटेला लावणं, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून: "परवडत नसेल तर चटईवर झोपा." त्याला त्याही हसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. मग आजोबांना वारं गेलं. डावी बाजू पडली. डावी पापणी अर्ध्यावर येऊन अडकली, जसं दुकानाचं शटर अडकतं तशी, आणि जीभ तोंडात ओल्या कापसासारखी फुगून बसली. त्यांची साखर बंद केली होती; रोज चहा आला की ते त्या जड जिभेनं एकच विचारायचे, "शाखल कुथंय?" आणि पेपर वाचायचा झाला की डाव्या हाताच्या ऐवजी उजव्या हाताचं बोट आडवं नेऊन ती पापणी वर धरायचे. रेडिओनं एका दुपारी ते त्यांच्यासमोरच करून दाखवलं. पापणी, जीभ, आडवं गेलेलं बोट, सगळं. मालकीणबाई हातातलं दाभण घेऊन उठल्याच होत्या, पण तेवढ्यात म्हातारा हसला. अर्ध्या तोंडानं, अर्धवट, पण असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग ती रोजचीच गंमत झाली त्या दोघांची. समोरासमोर बसून दोघं एकमेकांना विचारायची, साखर कुठंय, साखर कुठंय. मालकीणबाईंना ते बघवायचं नाही. जो माणूस एकट्यानं भरल्या गादीची गुंडाळी खांद्यावर टाकून जिना चढायचा, त्याची अशी गंमत व्हावी, आणि ती त्याला आवडावी! त्याच्यावर चिडता येत नव्हतं म्हणून त्या पोरीवर चिडायच्या. आणि म्हातारा गेल्यावर तर ती नक्कल मेलीच पाहिजे होती त्याच्याबरोबर. पण थोरल्यानं ती जिवंत ठेवली. कुणी पाहुणा आला, कुणी जुनं गिऱ्हाईक आलं, की हा म्हणायचा, "रेडिओ, दादा लाव ना." दादा म्हणजे याचा बाप. आणि पोरगी बापाला खूष करायला दादा लावायची. मालकीणबाई उठून आत जायच्या. कितीदा तरी दाराआडून त्यांनी बघितलं होतं, सगळे हसायचे आणि थोरला हसता हसता मध्येच गप्प व्हायचा आणि पोरीच्या तोंडाकडे बघत राहायचा. पोरीकडे नाही, पोरीच्या तोंडावर जे आलं होतं त्याच्याकडे. त्यांना ते कळत होतं. कळत होतं म्हणून काय राग कमी होतो? पोटातलं कळलं म्हणून ओठातलं गोड लागत नाही.

सकाळी रेडिओ जिन्यावरून वर आली तीच कठड्याला धरून. त्याआधी, उजाडता उजाडता, ती बापाला सांगून गेली होती, पोटात दुखतंय. बाप अंथरुणातूनच म्हणाला, "काल हादडताना दुखलं नाही ते!" एवढंच. आता ती येऊन टेबलाशी बसली. मालकीणबाई चहा गाळत होत्या. पोरीनं मान वर केली, दोन्ही पापण्या अर्ध्यावर, आणि काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते अजूनही कुणालाच माहीत नव्हतं. जीभ जड होती. थोरल्यानं पेपरातून डोकं काढलं आणि टेबलावर थाप मारली. "दादा! अरे बघा, दादा आले चहाला! सकाळी सकाळी!" मग काय, खालचे दोन कारागीर जिन्यावर येऊन उभे राहिले, समोरची भाडेकरीण हातात भिजलेलं पीठ तसंच घेऊन दारात आली. पोरीनं पुन्हा काहीतरी म्हटलं, तोंडाच्या कडेनं लाळ आली. "वा! आज लाळसुद्धा!" कुणीतरी म्हणालं. थोरल्यानं मोबाईल काढला. आणि मालकीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाळणं तसंच पातेल्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाची टिंगल करतेस? लाज आहे का? तोंड बघायचं नाही मला तुझं." आणि वळल्या, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढचं सगळं त्यांनी पाठीनं ऐकलं. हसणं ऐकलं. मग हसण्याची एक मोठी लाट आली, इतकी मोठी की भाडेकरणीला ठसका लागला. मग थोरल्याचा आवाज, "थांब थांब, हात हलला माझा. पुन्हा कर. रेडिओ, पुन्हा कर ना." मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा हसणं. मग खुर्ची पडली.

ती मोठी लाट कशाची होती ते मालकीणबाईंना दवाखान्यात आल्यावर कळलं. सह्या करताना थोरल्यानं मोबाईल त्यांच्या हातात दिला होता. त्यांना वाचता येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं, पण मोबाईलवर जे चाललं होतं त्याला वाचायची गरज नव्हती. पिवळी हसरी तोंडं येत होती. एकापाठोपाठ एक, डोळ्यांतून पाणी काढून लोळणारी तोंडं. यानं ती सकाळ सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिली होती, पोरगी खुर्चीवरून पडायच्या आधी, आणि ते सगळे आपापल्या घरी चहा पीत आता हसत होते. पोरीच्या घशात नळी घालत होते तेव्हा हसत होते. धाकट्यानं आवाज भरून पाठवला होता, "हुबेहूब रे! दादांनंतर हीच." मालकीणबाईंचं बोट लागलं आणि ती सकाळ त्यांच्या हातात सुरू झाली. पोरगी दिसली. पापण्या पार खाली आलेल्या. "शाखल लाव ना," असं कुणीतरी म्हणतंय. आणि मग पोरीनं उजव्या हाताचं बोट उचललं, जड, जसं पाण्यातून उचलावं तसं, आणि आडवं नेऊन डाव्या डोळ्याची पापणी वर धरली. तिथं ती लाट आली. आजोबांचं बोट! हुबेहूब! पण मालकीणबाईंनी बघितलं, ती नक्कल नव्हती. पोरीला दिसत नव्हतं म्हणून तिनं पापणी धरली होती. बोटाखाली तो एक डोळा उघडा होता, पूर्ण शुद्धीवर, भेदरलेला, आणि तो हसणाऱ्यांपैकी कुणाकडेच बघत नव्हता. मोबाईलच्या कडेला खिडकी होती, खिडकीशी एक निळ्या पातळातली पाठ होती. डोळा त्या पाठीकडे बघत होता. "पुन्हा कर," थोरल्याचा आवाज म्हणाला, आणि खाली पडलेलं बोट पोरीनं पुन्हा उचललं.

मालकीणबाईंनी मोबाईल बाकावर उपडा घातला होता. तो उपडा पडूनही थरथरत राहिला, एखादं झुरळ उलटं पडल्यासारखा.

आपल्या पाठीला डोळे असते तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला, कारण हे असलं बोलणं रडक्या बायकांचं. पाठीला डोळे कशाला लागतात? डोळे पुढं होते, धडधाकट, दाभणात एका दमात दोरा ओवणारे, आणि ते त्यांनी उचलून खिडकीबाहेर लावले होते, समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता तिकडे. तो टॉवेल त्यांना अजून आठवत होता. पिवळा, एका टोकाला जळलेला. नातीचं शेवटचं धड बोलणं कोणतं ते आठवत नव्हतं आणि टॉवेल आठवत होता. मग मन दुसरीकडे धावलं, सुटका शोधत. साप कुठून आला? म्हाताऱ्या कारागिरानं फोन करून सांगितलं होतं, गादीची एक बाजू टाचायची राहिली होती, त्या तोंडातून काळंभोर निघालं, अंगावर पांढरे वळसे असलेलं. संध्याकाळी उघड्या गादीचं तोंड कच्च्या टाक्यानं बंद करायचं हा मालकीणबाईंचाच नियम. काल राहिला कसा? कुणी राहू दिला? क्षणभर बरं वाटलं, कुणाला तरी धरता येईल म्हणून. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. साप उंदरामागं येतो, उंदीर कापसामागं, आणि कापूस यांच्या घरात सासूच्या सासूपासून आहे. साप आला, चावला, गेला. त्याला काय माहीत कुणाची नात आहे. त्यानं काही कुणाला पुन्हा कर म्हटलं नाही.

थोरला पुन्हा शेजारी येऊन बसला. फोन संपले होते. त्याच्या हातातला पेला चेपून चेपून चपटा झाला होता. तो आईकडे न बघता म्हणाला, "आई, खरं सांगू? मला वाटलं दादा आले. क्षणभर वाटलं, खरंच आले." त्याची हनुवटी लहानपणी हलायची तशी हलली. मालकीणबाईंचा हात उठला होता, त्याच्या पाठीवर जायला, सवयीनं. तेवढ्यात त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, "पण तिनं एकदा तरी नीट सांगायला हवं होतं ना. पोटात दुखतंय काय, रोज कुणाच्या तरी पोटात दुखतं." आणि त्यांचा हात पुन्हा मांडीवर जाऊन बसला. म्हणजे फोनवर सांगता सांगता याला ते स्वतःलाच पटायला लागलं होतं. खोटं बोलणारा परवडला, कारण त्याला निदान खरं ठाऊक असतं.

सिस्टर बाहेर आली, एकानं आत यायचं म्हणाली. थोरल्याचा फोन पुन्हा वाजला, तो उठून खिडकीकडे गेला, तेव्हा मालकीणबाई गेल्या. पायात कागदी पिशव्या घालायला लावल्या त्यांनी. आत थंडी होती आणि यंत्र भात्यासारखं श्वास घेत होतं, एकसारखा, नेमका, पोरीला कधी घेता आला नसता असा शिस्तीचा श्वास. रेडिओ पडली होती. जिचं तोंड दिवसभर एका जागी राहायचं नाही ते तोंड कुणी इस्त्री करून ठेवल्यासारखं सपाट होतं. ना हसू, ना रडू, ना झोप. झोपेतसुद्धा ही पोरगी कुणाची तरी नक्कल करायची.

"बेशुद्ध आहे?" मालकीणबाईंनी विचारलं.

सिस्टर सुई बदलत होती. "नाही हो, आजी. हेच तर घरच्यांना कळत नाही. मण्यारीच्या विषानं अंग गळतं, डोकं नाही. पापणी उचलता येत नाही, हात हलवता येत नाही, श्वाससुद्धा यंत्रानं. पण ऐकतेय. सगळं ऐकतेय. तिच्यासमोर बोलताना जपून बोला."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

म्हणजे खुर्ची पडली तेव्हाही. गाडीत थोरला "आता बास हं रेडिओ, आता अति होतंय" म्हणाला तेव्हाही. दवाखान्याच्या दारात तो डॉक्टरणीला "हिला सवयच आहे" म्हणाला तेव्हाही. अंधारात पडून, आतून दार लावलेल्या खोलीत असल्यासारखी, ती सगळं ऐकत होती, आणि ज्या तोंडानं तिनं जगाला वाजवून दाखवलं त्याच तोंडातून तिला एक शब्द बाहेर टाकता येत नव्हता.

"जगेल ना?" हे त्यांनी सिस्टरला बाजूला घेऊन, हळू विचारलं, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि लगेच कळलं की ऐकू गेलंच असणार.

"औषध दिलंय. छाती स्वच्छ राहिली, तर उठते अशी मुलं. पण तिनं आत धीर धरायला पाहिजे. तुम्ही बोला तिच्याशी. पायाचा अंगठा किंचित हलतोय तिचा, तेवढंच राहिलंय. हो असेल तर अंगठा, असं ठरवलंय आम्ही दोघींनी."

मालकीणबाई पायथ्याशी गेल्या. चादर वर केली. पावलाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीखाली, दोन ठिपके होते, इतके बारीक की दाभण नव्हे, साधी सुई टोचल्यासारखे. एवढ्याशा भोकातून एवढं मोठं माणूस सांडून गेलं होतं. त्यांनी अंगठा दोन बोटांत धरला. माया करायची त्यांना सवय नव्हती; त्यांची माया म्हणजे ताटात जास्तीचं वाढणं आणि वर बोलणं. "रेडिओ," त्या म्हणाल्या, आणि आवाज दुकानात गिऱ्हाइकाशी लागतो तसा लागला, करडा. "मी आहे. आजी. सकाळी मी पाठ फिरवली. ते चुकलं माझं. तू बोट लावून बघत होतीस ते मी आत्ता बघितलं. ऐकलंस?"

काही नाही. यंत्र श्वास घेत राहिलं. मग बोटांत काहीतरी हललं, एवढंसं, जसं खोळीत कोंबलेल्या कापसात सरकी बोटाला लागते तसं.

त्या तशाच उभ्या राहिल्या, अंगठा धरून. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांना वाटलं, आता हा अंगठा सोडला तर पोरगी आत कुठं तरी खोल घसरत जाईल, एखाद्या तोंड न टाचलेल्या गादीत. दाराशी गलबला झाला. सून आली होती. पदराचं भान नाही, हातात अजून प्रवासाची पिशवी, पायांत एकाच पायाला कागदी पिशवी. सिस्टर म्हणत होती एकेकानं, एकेकानं, पण थोरलाही तिच्या मागोमाग आत घुसला. सुनेनं पोरीच्या कपाळाला हात लावला, काढला, पुन्हा लावला, जसं काही चटका बसत होता. "काय झालं? कसं झालं? अहो, बोला ना कुणीतरी! आई?"

तिनं आधी सासूकडेच बघितलं होतं. थोरल्यानंही बघितलं, भुवई किंचित उचलून. मी सांगतो नीट. आणि मालकीणबाईंच्या तोंडावर अजूनही ती जन्मभराची मूठ झाकलेलीच होती. तो बोलायला लागला. "अगं, हे बघ, कुणाचाच दोष नाही यात. सकाळी ती नेहमीसारखी नाटक करत होती. दादांचं. आता आम्हाला कसं कळणार? तिनं एका शब्दानं सांगितलं नाही गं, की दुखतंय, होतंय. सांगितलं असतं तर! ज्या क्षणी कळलं त्या क्षणी उचलली. विचार आईला."

मालकीणबाईंच्या दोन बोटांत अंगठा हलला. कुणी काही विचारलं नव्हतं. पुन्हा हलला. मग हलतच राहिला, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा, जेवढं अंग उरलं होतं तेवढ्या सगळ्या अंगानं. हो म्हणायला ठरवलेला अंगठा होता तो, पण तो हो म्हणत नव्हता. पोरगी ओरडत होती. वर यंत्र तसंच शिस्तीत श्वास घेत होतं, तोंड तसंच सपाट, आणि खाली चादरीत ती ओरडत होती, आणि सगळ्या घरात ते ऐकायला फक्त दोन बोटं होती, दाभणानं घट्टे पडलेली, ज्यांना गरम भांडंसुद्धा लवकर कळत नसे.

"आई, सांग ना तिला," थोरला म्हणाला.

"सांगते," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा सोडला नाही आणि आवाज खाली आणला नाही. जिनं ऐकायला हवं होतं तिचे कान तिकडे लांब, उशाशी होते. "तिकडे जाऊन उभा राहा. तिच्या कानाशी. ती झोपलेली नाही, ती ऐकतेय. सकाळपासून तुझं एकूण एक बोलणं ऐकतेय, आणि आत्ताचंही ऐकलंय. तेव्हा आता जे बोलशील ते तिच्यासमोर बोल. तिनं सांगितलं नाही म्हणतोस? पोटात दुखतंय म्हणून उजाडता सांगायला कोण आलं होतं, मी? चहाला येऊन ती बोलत होती, आणि तू मोबाईल धरून उभा होतास. दिसेना म्हणून तिनं बोटानं पापणी उचलली, आणि तू म्हणालास, हात हलला माझा, पुन्हा कर. आणि तिनं पुन्हा केलं! मी पाठ फिरवून उभी होते, तेही सांग तिच्या आईला. माझ्या वाटणीचं मी भरीन, तू झाकू नकोस. पण पोरीच्या माथी मारायचं नाही. घर मोडेल म्हणतोस? हिच्यावर खोटं रचून उभं राहणार असेल, तर मी स्वतः मोडते, आणि मोडल्याचं गावभर सांगते. सापानं अंधारात चावलं. त्याला ना डोळे, ना नातं. तू चांगला लख्ख उजेडात, हातभर अंतरावर उभा होतास. मेलेल्या बापाचं तोंड बघायच्या नादात तू जित्या लेकीचं तोंड बघितलं नाहीस. आता इथं बसायचं. तिची पापणी उचलेपर्यंत उठायचं नाही. आणि उठून ती जे पहिलं बोलेल, ते पहिल्या वेळेलाच ऐकायचं. पुन्हा कर म्हणायचं नाही."